पोटावरची रेघ

इंग्लंडमध्ये उन्हाळाभर रीएनॅक्टमेंटचे, म्हणजे जुना काळ वेशभूषेसकट पुन्हा उभा करण्याचे, मेळे भरतात आणि त्यांतल्या काही मेळ्यांत तिरंदाजीच्या रांगेची जबाबदारी माझ्याकडे असते. त्या दिवशीचं शिबिर पंधराव्या शतकातलं होतं, वॉर्स ऑफ द रोझेसच्या, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवी युद्धांच्या काळातलं. तागाचे सदरे, लोकरी टोप्या, कापडी तंबू आणि दुपारी लाँगबोची, म्हणजे लांब लाकडी धनुष्याची स्पर्धा. प्रेक्षकांना माझे हुकूम तेवढे ऐकू येतात: नॉक, ड्रॉ, लूज; म्हणजे बाण लावा, ओढा, सोडा. माझं मोठं काम मात्र सकाळीच उरकलेलं असतं, कारण प्रत्येक धनुष्य, दोरी आणि बाण तपासल्याशिवाय मी कुणालाच रांगेत उभं करत नाही.

बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवायचा. दांडीला बारीक तडा असेल तर कुरकुर ऐकू येते. दोरीचे फास बघायचे, धनुष्याच्या टोकांवरच्या, दोरी अडकवायच्या शिंगाच्या खोबणी बघायच्या. मग धनुष्य. लक्ष्याकडे असते ती त्याची पाठ आणि तिरंदाजाकडे असते ते पोट. यूच्या झाडाची करामत अशी की त्याचं बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. एकाच फांटीत दोन्ही गुण मिळतात, म्हणून पाठ फिकट लाकडाची आणि पोट गाभ्याचं. पाठीवरून मी लोकरीचा पुंजका फिरवते. एखादी चीर उठली असेल तर धागा अडकतो. पोटावरून नख फिरवते.

एक वयस्कर गृहस्थ दर वर्षी येतात. धनुष्य त्यांनी स्वतः घडवलेलं, ओढ, म्हणजे ते पूर्ण ओढायला लागणारा जोर, 90 पौंडांची. मूठ ओलांडून वीतभर वर गेल्यावर माझं नख अडलं. धनुष्य उन्हात तिरकं धरलं तेव्हा आडवी, केसाएवढी रेघ दिसली. याला क्रायसल म्हणतात. दाब असह्य झाला की पोटाचे तंतू आतल्या आत चिरडतात आणि वर एवढीच खूण उमटते.

"हे आज रांगेत येणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून रेघ पाहिली. "ही मला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यापासून आहे. वाढलेली नाही."

"वाढली नसेल. पण तुमच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर माणसं उभी असतात."

"तू माझ्यासोबत किती वर्षं काम करतेयस?"

"म्हणूनच सांगतेय."

पूर्ण ओढलेलं धनुष्य तुटतं तेव्हा वरचा तुकडा शिंगाच्या टोकासकट उडतो आणि तो कुठे जाईल हे कुणाच्याही हातात नसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते गप्प राहिले, दोरी उतरवली आणि धनुष्य कापडी पिशवीत घातलं. दुसरं कुणी उसनं धनुष्य देऊ केलं तर ते नाही म्हणाले. परक्या धनुष्याने स्पर्धेत उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. मग मीच विचारलं, क्लाउटला, म्हणजे लांबच्या निशाणाच्या फेऱ्यांना, बाण कुठे पडला त्याच्या खुणा दाखवायला उभे राहाल का? ते राहिले.

क्लाउट हा मला सगळ्यांत आवडणारा प्रकार. गवताच्या गठ्ठ्यावर किंवा उभ्या काठीवर नेम मारताना डोळा लक्ष्यावर असतो. क्लाउटमध्ये 180 यार्डांवर जमिनीत एक छोटं निशाण रोवलेलं असतं आणि बाण वरून, आभाळातून त्याच्याजवळ पाडायचा असतो. हात इतका उचलावा लागतो की धनुष्याची मूठ बहुतेकदा निशाणालाच झाकते. मग पलीकडच्या झाडाचा शेंडा धरायचा, नाहीतर अंगाला बसलेल्या सवयीवर विसंबायचं. युद्धातली तिरंदाजी या प्रकाराच्या जास्त जवळ होती. 1363 मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने सणासुदीच्या दिवशी सगळ्या धडधाकट पुरुषांनी धनुष्यबाणाचा सराव करावा आणि फुटबॉलसारखे खेळ सोडावेत असं फर्मान काढलं. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात, 1541 च्या कायद्याने, 24 वर्षांवरच्या माणसाला हलक्या बाणांनी 220 यार्ड किंवा त्याहून जवळच्या खुणेवर नेम मारायला मनाई केली. लांबचा पल्ला आणि जड धनुष्य अंगवळणी पडलेली माणसं राज्याला हवी होती. 1545 मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे युद्धजहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यातल्या यूच्या धनुष्यांची ओढ 100 पौंडांच्या पुढेच असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्या रांगेतल्या बहुतेकांची 50 ते 60 पौंडांची असते, आणि तीही दिवसभर ओढणं सोपं नाही.

दुपारी वारा डावीकडून आला. पहिल्या फेरीचे बाण निशाणाच्या उजवीकडे आणि अलीकडे पडले. ते गृहस्थ ठरलेल्या सुरक्षित जागी उभे होते. काठीने बाजू दाखवायचे, मग जमिनीकडे बोट करून "आखूड" अशी खूण. खूण करताना त्यांना उशीर लागत नव्हता. बाण हवेत असतानाच त्यांचा हात हलायला लागायचा, आणि बाण पडायचा तो त्यांनी दाखवलेल्या बाजूलाच. रांगेतल्या एका तरुण मुलीने तिसऱ्या फेरीपासून आपल्या जागेवरून नजर काढून फक्त त्यांच्या हाताकडे ठेवली. पाय किंचित वळवले, हात थोडा वर नेला, आणि बाण निशाणाच्या भोवती उतरू लागले.

पाचव्या फेरीत एका लहान मुलाने प्रेक्षकांची दोरी ओलांडली. मी "फास्ट!" ओरडले. या शब्दानंतर ओढलेला बाण सोडायचा नसतो, हळूच परत आणायचा असतो. सगळी रांग एकाच वेळी खाली आली. एकही बाण सुटला नाही. स्पर्धेतला हा क्षण मला कुठल्याही गुणफलकापेक्षा मोलाचा वाटला आणि मी तसं रांगेला तिथेच सांगितलं.

गुण मोजताना निशाणाच्या खुंटीला गाठी मारलेला दोर लावून फिरवतात. दीड फुटाच्या आत पाच गुण, मग उतरत उतरत बारा फुटांपर्यंत एक. ती मुलगी जिंकली. बक्षीस घ्यायच्या आधी ती खुणा दाखवणाऱ्यांकडे गेली.

संध्याकाळी प्रेक्षक पांगल्यावर त्या गृहस्थांनीच आपलं धनुष्य बाहेर काढलं. तंबूमागे टिलरिंगचा, म्हणजे धनुष्याचा वाक तपासायचा खांब होता: धनुष्य वर बसवायचं आणि कप्पीवरच्या दोराने दुरून ओढायचं. आम्ही आडोशाला उभे राहिलो. दोरी 20 इंच ओढली, मग 25, मग त्यांच्या नेहमीच्या 30 इंचांपर्यंत. तुटलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं, तरी तुटलं नाही.

"बघ," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. कारण दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. धनुष्याचा खालचा अर्धा भाग एकसारखा कमानदार वाकत होता, आणि वरचा अर्धा भाग त्या रेघेपाशी बिजागरीसारखा दुमडत होता. ताण सगळीकडे वाटला जायचा, तो तिथेच साठत होता.

मी माझा निर्णय बदलला नाही, आणि त्यांनीही तशी मागणी केली नाही. खडूने रेघेच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या. तिथलं ताठ लाकूड तासून वाक पसरवायचा, मग ओढ 70 पौंडांवर येईल, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या उन्हाळ्यात ते आणतील तेव्हा मी पुन्हा तिथेच नख फिरवीन, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.