बरगडीच्या कडेतले बोगदे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला समुद्रगाईच्या बरगडीचा जीवाश्म मिळाला. कच्छच्या मायोसीन थरांतला, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या काळातला. या प्राण्याच्या बरगड्या भरीव आणि जड असतात, त्या वजनामुळे त्याला उथळ पाण्यात तळाशी चरता येतं. प्राणी मेल्यावर त्या हाडात कोण शिरलं, हे मला पाहायचं होतं.

गोव्यात भूशास्त्राच्या लॅबमध्ये लोहखनिजाचे आणि बेसाल्टचे थिन सेक्शन, म्हणजे उजेड आरपार जाईल इतके पातळ काप, नेहमीचे, हाडाचा क्वचितच. यात सगळ्यात जपायची ती बाहेरची कडा. समुद्रात पडलेल्या हाडात सूक्ष्मजीव बारीक बोगदे कोरत बाहेरून शिरतात आणि घासताना पहिली तुटते ती नेमकी कडाच. म्हणून तुकडा आधी रेझिनमध्ये बसवला. पावसाळ्यातल्या दमट हवेत रेझिन चिकटच राही, म्हणून तुकडा ओव्हनमध्ये मंद उष्णतेवर सुकवून पुन्हा ओतलं. मग कटरने काप काढून काचपट्टीवर चिकटवला आणि सिलिकॉन कार्बाइडची घासायची पावडर नि पाणी घेऊन घासायला बसले. आधी ४०० नंबरची, मग ६००, शेवटी १०००. पावडर बदलताना पट्टी नि हात स्वच्छ धुवायचे, कारण जाड पावडरचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो आणि तो बोगदा म्हणून फसवू शकतो. लॅबमधले काका येता-जाता सांगत, "बाय, जोर लावू नको गो. इंग्रजी आठ काढल्यासारखा हात फिरव."

सूक्ष्मदर्शकाखाली आधी दिसतात हाडाच्या स्वतःच्या वाटा: रक्तवाहिन्यांच्या हॅवर्सियन नळ्या, त्यांच्याभोवतीची वर्तुळं, पेशींच्या इवल्या खोबण्या. या नीट ओळखता आल्याशिवाय बोगदे शोधूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. मग कडेला बोगदे दिसले! केसाहून कितीतरी बारीक, ५ ते १० मायक्रॉन रुंद, काळपट गाळाने भरलेल्या नळ्या. हाडाच्या वर्तुळांना न जुमानता आरपार गेलेल्या, मध्येच फाटे फुटलेल्या. पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी, लावला की हाड चकाकतं, या नळ्या मात्र काळ्याच राहतात. मी किती वेळ सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी ठेवायची तबकडी फिरवत बसले होते कोण जाणे.

व्हिएन्नाच्या कार्ल वेडल यांनी १८६४ मध्ये दात आणि हाडांतले असे बोगदे वर्णिले, म्हणून त्यांना वेडल बोगदे म्हणतात. त्यांना ते बुरशीचे वाटले. उथळ समुद्रात पडलेल्या हाडांतल्या अशा बोगद्यांसाठी आज मुख्यतः सायनोबॅक्टेरियांकडे, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंकडे, बोट दाखवलं जातं. त्यांना उजेड लागतो, त्यामुळे हाड काही काळ उथळ पाण्यात उघडं पडलं होतं, असं म्हणता येतं. जमिनीत पुरलेल्या हाडातलं जिवाणूंचं काम वेगळं दिसतं: गढूळ डाग आणि त्यांच्या कडेला पुन्हा साचलेल्या खनिजाची दाट किनार. माझ्या कापात तशी किनार कुठेच नव्हती. बोगदे कडेपुरतेच, आतलं हाड स्वच्छ.

तरी आकारावरून जीवाचं नाव ठरवणं मला पटत नाही, बुरशीही फाटे फोडतेच. म्हणून आता बोकडाच्या बरगडीचे तुकडे जाळीत बांधून दोनापावलच्या खडकांत ठेवणार आहे. काही उन्हात, काही कपारीतल्या अंधारात, म्हणजे उजेडाशिवायही बोगदे होतात का ते पाहता येईल. घासायचे मात्र पाऊस ओसरल्यावरच.