आधी विचारा, त्या फोनमध्ये काय आहे?

ग्रीफ काउन्सेलिंग, म्हणजे जवळचं माणूस गेलेल्यांचं समुपदेशन, शिकायला येणाऱ्यांना दुःखाच्या पाच स्टेजेस तोंडपाठ असतात, नकार, राग वगैरे, आणि माझं निम्मं काम ते पाठांतर मोडण्यातच जातं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांवरून नाही!

परवा कोथरूडच्या बॅचमध्ये रोल प्ले होता. एकीने काकूंचा रोल घेतला, नवरा जाऊन आठ महिने झालेत, म्हणाली मी ह्यांच्या मोबाईलला अजून रिचार्ज मारते. समोरचा मुलगा लगेच, "काकू, तुम्ही अजून स्वीकारलेलंच नाहीये." काकू गप्प. मी त्याला म्हटलं, अरे आधी विचार तरी, त्या फोनमध्ये काय आहे? त्याने विचारलं, मग कळलं की बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ह्यांचा आवाज आहे, "येताना मंडईतून कोथिंबीर आणतो", बस एवढंच.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं ते हेच, माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांत सारखा ये-जा करत असतो, सकाळी नॉमिनीचा फॉर्म, दुपारी रडणं, आणि दोन्ही गरजेचं.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला, आपल्याकडे क्लायंट येतो तो त्यानंतर. पुण्यातल्या ओंकारेश्वरला दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही ही सल घेऊनही लोक येतात. तिथे अंधश्रद्धेवर लेक्चर द्यायचं नाही प्लीज, गेलेल्या माणसाची कुठली इच्छा राहिली असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारा आणि थांबा, अर्धा तास माणूस बोलतो.

आता या दुःखाला आजार कधी म्हणायचं, तर आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) माणूस गेल्यावर किमान ६ महिने आणि २०२२ च्या डीएसएममध्ये (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं मानसिक आजारांचं मॅन्युअल) मोठ्यांसाठी किमान १२ महिने दिलेत, पण नुसतं कॅलेंडर बघून ठरत नाही, दुःख जवळजवळ रोज तितकंच तीव्र आहे का, रोजचं जगणं अडलंय का, आणि त्या घरच्या रीतीभातींच्या मानाने हे फार जास्त आहे का, हेही बघायचं. रिचार्ज मारणं म्हणजे आजार नव्हे. पण काकू "आता जगून काय करू" म्हणाल्या तर विषय बदलू नका, जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारा, विचारल्याने तो डोक्यात घुसत नाही, आणि हो म्हणाल्या तर त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे न्यायची सोय करा.