टायवरचे सोळा हजार

पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, छतावरचे कॅमेरे त्यांच्यासाठी आहेत. मी त्या कॅमेऱ्यांमागे बसतो. आमचा बराचसा वेळ आमच्याच डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्यांच्या, हातांकडे बघण्यात जातो. चोर क्वचित सापडतो, चूक रोज सापडते.

2024 च्या सुरुवातीची, शनिवारची रात्र. मालक कॅमेरा रूममध्ये येऊन बसले होते. अधूनमधून येतात. चहा घेतात, स्क्रीन बघतात, फारसं बोलत नाहीत.

बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळात पाहुण्याला काही ठरवायचं नसतं. ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ या दोन बाजू, नऊच्या जवळ असेल ती जिंकते, बरोबरी झाली तर ‘टाय’. ‘प्लेअर’, ‘बँकर’ किंवा ‘टाय’, कशावर तरी पैसे लावायचे आणि बघत बसायचं. सगळी अक्कल डीलरने वापरायची. तिसरा पत्ता कधी ओढायचा याचा तक्ता ठरलेला असतो आणि तो झोपेतही पाठ असावा लागतो. बँकरकडे पाच गुण असतील तर प्लेअरचा तिसरा पत्ता चौकी ते सत्ती असेल तरच ओढायचं, नाहीतर थांबायचं. त्या डावात प्लेअरकडे दुर्री आणि राजा, राजाचे शून्य, म्हणजे दोन. तिसरा पत्ता तिर्री, झाले पाच. बँकरकडेही पाच. इथे हात थांबायला हवा होता. डाव टाय, म्हणजे प्लेअरवरचे पैसे परत आणि टायवाला जिंकला. पण डीलरने शूमधून, म्हणजे पत्त्यांच्या पेटीतून, आणखी एक पत्ता ओढला. आली चौकी. बँकर नऊ. तिने प्लेअरवरचे दोन लाख उचलले, टायवरचे दोन हजार उचलले, बँकरवाल्यांना पैसे दिले आणि पुढचा डाव वाटला.

टेबलावर कुणाला चूक कळली नाही. टेबलांवर देखरेख करणाऱ्या इन्स्पेक्टरचं लक्ष शेजारच्या टेबलावर होतं. मी रेकॉर्डिंग मागे घेतलं, खात्री केली, शिफ्ट मॅनेजरला फोन लावला. त्याचं उत्तर पुस्तकाप्रमाणे होतं: पुढचा डाव वाटला गेला की मागचा निकाल कायम, आणि पाहुण्याने तक्रार केलेली नाही. ‘तक्रार नाही तर केस नाही’ हे त्या माणसाचं धोरण मला कधीच पटलेलं नाही. ज्याला खेळाचा नियमच ठाऊक नाही, तो तक्रार कशी करणार?

मालकांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. दोन लाखांचं ते काही बोलले नाहीत. आधी विचारलं, “टायवर कोण होता?”

सहलीच्या ग्रुपमधले एक वयस्कर गृहस्थ होते. टायला आठास एक मिळतात, म्हणजे त्यांचे सोळा हजार व्हायचे. तोवर ते उठून जेवायला गेले होते.

“त्यांना आधी द्या. मग दोन लाखवाल्याला. बँकरवाल्यांकडून काही परत मागू नका.”

मॅनेजर वर आला, नियम सांगू लागला. मालक म्हणाले, “टायवर आपला फायदा शेकडा चौदाच्या वर आहे. बँकरवर जेमतेम एक. जो माणूस दर शंभरातले चौदा आपणहून देतो, त्याचे सोळा हजार मी ठेवून घेऊ? उद्या त्याला कुणीतरी तक्ता समजावून सांगेल, मग तो गावभर सांगेल.”

मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो. ताटावर बसलेल्या त्या गृहस्थांसमोर होस्टने चिप्स ठेवल्या आणि चूक समजावली, तेव्हा ते उठून उभे राहिले होते. स्क्रीनवर मी ते पाहिलं.

मग मालक बोलत बसले. मी विचारलं होतं, एवढ्या चढउतारात झोप कशी लागते? ते म्हणाले, “मला आजच्या रात्रीचा निकाल बघावा लागत नाही. श्रीमंती म्हणजे किती दिवस थांबता येतं ते. पाहुण्याला रविवारी विमान असतं. मला नसतं.”

“आणि सरकार?”

“सरकार माझ्यापेक्षा जास्त थांबू शकतं.”

यावर ते तापले. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्स विकत घेतानाच 28 टक्के जीएसटी लागू झाला होता. त्याआधी आम्ही कर भरायचो तो पाहुण्यांना द्यायचं देऊन जे उरतं त्यावर. बाहेरच्या लोकांना हा फरक किरकोळ वाटतो. विकल्या गेलेल्या चिप्सचा पाचवा हिस्सा आमच्याकडे राहिला तर आम्ही रात्र चांगली गेली म्हणतो. त्यातून विकलेल्या सगळ्या चिप्सच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा कर काढायचा कसा? मकावमध्ये कर जबर आहे, 35 टक्के आणि वर उपकर, पण तो कॅसिनोने जिंकलेल्या रकमेवर. मालकांच्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, हा हिशोब पटतो. सप्टेंबर 2025 पासून तर आपल्याकडचा दर 40 टक्के झाला आहे.

अमेरिकी कॅसिनोमालक शेल्डन ॲडेल्सनचं नाव त्यांच्या बोलण्यात नेहमी येतं. बोस्टनच्या टॅक्सीवाल्याचा मुलगा, लास व्हेगासनंतर 2004 मध्ये मकाव, 2010 मध्ये सिंगापूर. 2012 च्या अमेरिकी निवडणुकीत त्याने रिपब्लिकन उमेदवारांसाठी कोट्यवधी डॉलर ओतले, तेही उघडपणे. “त्याला सरकार निवडायचं होतं,” मालक म्हणाले. “मला नकोय ते. मला नदीत पाच वर्षं उभं राहायचा कागद हवा. इथे सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. दर निवडणुकीत आम्हाला मांडवीतून हाकलतात आणि निवडणूक झाली की आमची फी मोजतात.” 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. त्याबद्दल मात्र ते म्हणाले, ती बरी झाली. शेजाऱ्याचा पगार टेबलावर आला की राजकारण दारात येतं. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला आणि तो कधी अंमलातच आणला नाही, हेही त्यांना तोंडपाठ होतं. कागदावरच्या कायद्याची वाट बघत त्यांच्या ओळखीच्या काहींनी जमिनी धरून ठेवल्या होत्या, म्हणे.

उठताना त्यांनी मॅनेजरला सांगितलं, “त्या मुलीला टेबलावरून काढा.”

मी म्हटलं, “सर, ती एक तास वीस मिनिटं सलग उभी होती. ब्रेक द्यायला कुणी आलंच नाही. रेकॉर्डिंगमध्ये आहे.”

“डीलर बदलण्याचं मॅनेजर बघतो,” म्हणाले आणि बोटीकडे गेले.

बॅकरॅटच्या डीलरला तासाभराने तरी बदलावं लागतं. डोळे पत्त्यावर असतात, पण तक्ता डोक्यातून निसटायला लागतो. हे आम्हाला कॅमेऱ्यात हातांवरून कळतं: पत्ता सरकवताना बोट एक क्षण थबकतं. त्या मुलीचं बोट त्या डावाच्या आधी तीनदा थबकलं होतं. शनिवारी माणसं कमी असतात, कारण पगार वाचवायला मॅनेजरने रिलीफ डीलर कमी केले आहेत. ती मिझोरामहून आलेली, कंपनीच्या खोलीत राहणारी. नोकरी गेली की खोलीही जाते. आठवडाभरात ती गेली.

मी मालकांना ओळखतो. दुष्ट माणूस नाही. दोन हजारांच्या पैजेचा न्याय त्यांनी जेवणाच्या टेबलापर्यंत पोचवला. थांबता येणं हीच श्रीमंती असेल, तर त्या जहाजावर एक दिवसही थांबू न शकणारी ती एकटीच होती, आणि त्यांच्या हिशोबात ती कुठेच नव्हती. पाहुण्याचा विश्वास त्यांनी सोळा हजारांना राखला. डीलरचा राखायला वीस मिनिटांचा ब्रेक पुरला असता, आणि पाहुण्याचा विश्वास शेवटी त्या डीलरच्याच हातात असतो. हे मला त्यांना बसून समजावून सांगायचं आहे.

त्या रात्रीच्या अहवालात मी चूक झाली त्या वेळेखाली डीलरच्या शेवटच्या ब्रेकची वेळही लिहिली. तेव्हापासून प्रत्येक चुकीपुढे लिहितो. मॅनेजर म्हणतो, तो रकाना फॉर्ममध्ये नाही. मी समासात लिहितो.