प्रभावळ, बारकोड आणि पेन्सिलीतला आकडा

संताच्या डोक्यामागे सोनेरी प्रभावळ आणि हातात खरेदीच्या पिशव्या, असं छापचित्र दिसलं की लोक हसतात आणि पुढे सरकतात. थांबायला हवं ते तिथेच! छपाई आणि श्रद्धेचा बाजार यांचं नातं फार जुनं आहे. १४५४ साली युरोपात पापक्षमेची पत्रं छापून विकली जात होती. मजकूर सगळा छापील, कोरी जागा फक्त नाव आणि तारखेपुरती. थेट पावतीपुस्तकच. म्हणून श्रद्धा आणि उपभोग यांवरच्या छापचित्रांच्या प्रदर्शनात विषयाइतकंच तंत्रही बोलत असतं.

चित्रापासून वीतभर अंतरावर जा आणि उजेड तिरका पडेल असं बघा. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून घेतलेल्या छापात, शाई कागदावर किंचित उभी राहते आणि चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाब उमटलेला असतो. लाकूडठशात रेघेच्या काठाला दाबली गेलेली शाई जाड दिसते. लिथोग्राफ, म्हणजे सपाट दगडावर चित्र काढून घेतलेला छाप, सपाट असतो. स्क्रीनप्रिंटमध्ये, म्हणजे जाळीतून शाई दाबून घेतलेल्या छापात, रंगाचा एकसारखा थर बसतो. भिंगातून बारीक विखुरलेले ठिपके दिसले, तर ती बहुधा संगणकाच्या इंकजेट प्रिंटरवरची प्रत असते, कलाकाराने ठशावरून काढलेली नव्हे.

प्रभावळ नीट बघा. खरा सोन्याचा वर्ख चिकट थरावर बसवलेला असतो. त्यावर बारीक सुरकुत्या आणि वर्खाच्या दोन पानांच्या जोडाची रेघ सापडते. ओल्या शाईवर भुरभुरलेली ब्राँझ पावडर म्हणजे तांब्या-जस्ताची भुकटी. ती कालांतराने काळवंडते. देवत्वाला स्वस्त मुलामा दाखवायचा असेल, तर मला ही भुकटीच जास्त योग्य वाटते.

चेहरा आणि प्रभावळ यांच्यामध्ये पांढरी फट दिसली, तर रजिस्ट्रेशन, म्हणजे एकेका रंगाचा छाप नेमका जागेवर जुळवणं, हुकलं आहे. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. हे टाळायला रंग काठावर थोडे एकमेकांवर चढवतात.

अशा चित्रांत बारकोडही दिसतो. तो लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरणं जिकिरीचं. बारीक पट्ट्या छापताना तुटतात किंवा मधल्या फटीत शाई भरते. शिवाय अक्षरं आणि आकडे उलटे कोरावे लागतात. पट्ट्या लाल रंगात छापल्या असतील, तर लाल प्रकाशाच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत. कलाकाराने हे जाणूनबुजून केलं असेल, तर ती मोठी खेळी आहे: विकायची खूण, पण यंत्राला न वाचता येणारी.

शेवटी खालची पेन्सिल वाचा. डावीकडे ७/३० म्हणजे तीसपैकी सातवी प्रत, उजवीकडे सही. ए.पी. म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. उपभोगावर टीका करणाऱ्या चित्राच्या मोजक्याच प्रती काढणं मला खटकतं, कारण टंचाई दाखवून किंमत वाढवणं ही बाजाराचीच रीत. तीस प्रतींनंतर ठशावर आडवी चीर मारून तो रद्द केला का, हे दालनात जरूर विचारा.