ती शेवटची वर्ड फाइल कुठे आहे?

मी वैद्यकीय विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. वर्षभरातल्या शोधनिबंधांची यादी विभागांकडून मागवली की एकाच डॉक्टरांचं नाव तीन तऱ्हांनी लिहून येतं. प्रत्येक संशोधकाची नावापलीकडची ओळख सांगणारा स्वतंत्र ऑर्किड (ORCID) क्रमांक २०१२ पासून आहे, फुकट आहे, तरी काढायचा कंटाळा!

निबंध कुणालाही मोफत वाचता यावा, म्हणजेच ‘ओपन ॲक्सेस’ असावा, असं म्हटलं की ‘म्हणजे पैसे भरायचे ना?’ असं प्राध्यापक विचारतात. नाही हो, सर. निबंध नेहमीच्या जर्नलमध्येच छापा. समीक्षेनंतर स्वीकारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली तुमची प्रत बरेच प्रकाशक विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ठेवू देतात. कधी लगेच, कधी सहा-बारा महिन्यांनी. एक छदामही लागत नाही. पण ती प्रत, म्हणजे शेवटची वर्ड फाइल, लेखकाकडे सापडेल तर शपथ! सगळे प्रकाशकाची देखणी पीडीएफ पाठवतात, आणि बहुतेकदा नेमकी तीच चालत नाही.

दोन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या जर्नलची मेल आली, तर आधी ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’मध्ये नाव बघा. पारखून घेतलेल्या ओपन ॲक्सेस जर्नलची २००३ पासूनची ही यादी कुणालाही मोफत पाहता येते. तिथे नसलेलं प्रत्येक जर्नल खोटंच असतं असं नाही. मी मात्र मग संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट मेल करून विचारते.