अकरा महिन्यांचं घर, कमी पैशात कसं लावायचं

पुण्यात भाड्याचं घर म्हणजे बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा करार, पुढे रिन्यू होईल की नाही माहीत नसतं, त्यामुळे माझा एकच नियम, जे खोलून टेम्पोत टाकता येतं तेच घ्यायचं. बेड लाकडी नकोच, नटबोल्टचा लोखंडी पलंग सेकंडहँड घ्या आणि घेताना सांध्यांमध्ये मोबाईलचा टॉर्च मारून ढेकूण नक्की बघा, काळे ठिपके दिसले की कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. गादी मात्र नवीनच, कापसाची, झोपेत काटकसर नको बाबा. जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी सकाळीच जा, टेबल, फॅन, स्टूल सगळं मिळतं, फॅन तिथेच लावून बघायचा. भांडी तुळशीबागेतून, पण आधी आईकडचा माळा बघा, तिथे दोन कुकर तरी पडून असतातच. भिंतीला ड्रिल मारायचं नाही, डिपॉझिटमधून कापतात, पडद्यांना स्प्रिंगचा रॉड बसवा, खिडकीच्या चौकटीत नुसता दाबून बसतो. आणि पडदे आईच्या जुन्या कॉटनच्या साड्यांचे शिवा, दुपारचं ऊन त्यातून इतकं छान येतं की घर लगेच आपलं वाटायला लागतं, मला तरी वाटलं.