डाखाऊच्या छळछावणीत: खरं काय आणि नंतर बांधलेलं काय

"मावशी, तिथे बघायला फारसं काही उरलेलं नाहीये," भाच्याने आदल्या रात्रीच बजावलं होतं. तो नोकरीनिमित्त म्युनिकला असतो, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला डाखाऊला नेऊन नेऊन कंटाळलाय. शेवटी आम्ही दोघंच गेलो, मी आणि आमचे हे.

जाणं अगदी सोपं. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून पेटर्सहाउझेनकडे जाणारी एस-२ लोकल पकडायची, वीस-पंचवीस मिनिटांत डाखाऊ. स्टेशनबाहेर ७२६ नंबरची बस उभी असते. तिकीट काढताना ते म्युनिकसोबत झोन १ धरणारं आहे ना, तेवढं बघा. चार-पाच जण असाल तर गटाचं दिवसभराचं तिकीट स्वस्त पडतं.

छळछावणी म्हणजे कुठेतरी रानात, माणसांच्या नजरेआड असणार, अशी माझी समजूत होती. बस मात्र घरं, परसबागा, वाळत घातलेले कपडे यांच्यामधून जाते आणि दहा मिनिटांत दारात सोडते. ही छावणी लपवलेली नव्हतीच. हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, २२ मार्च १९३३ रोजी, दारूगोळ्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात ती सुरू झाली आणि त्याची बातमी आधीच वर्तमानपत्रात छापून आली होती. पहिले कैदी म्हणजे कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार पुढारी. इथला कमांडंट टेओडोर आइके याने शिक्षा, पहारा, हजेरी यांचे जे नियम बसवले, तेच पुढे इतर छावण्यांनी उचलले. बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं इथे आणि हिच्या उपछावण्यांत कोंडली गेली. त्यातली साधारण ४१,५०० मेली.

फाटकावर 'आर्बाइट माख्ट फ्राय', म्हणजे 'श्रमाने मुक्ती मिळते', ही लोखंडी अक्षरं आहेत. सगळे तिथे थांबून फोटो काढतात. पण ते दार नक्कल आहे. खरं दार २०१४ साली चोरीला गेलं, दोन वर्षांनी थेट नॉर्वेत सापडलं आणि आता आतल्या संग्रहालयात ठेवलंय. आम्हाला हे नंतर कळलं. तोवर यांनी चार फोटो काढून झाले होते.

आत गेल्यावर भाच्याचं म्हणणं पटतं. समोर खडी पसरलेलं भलंमोठं मैदान, पलीकडे दोन बराकी, मग नुसते आयताकृती चौथरे आणि त्यांच्यामधून जाणारा पॉप्लर झाडांचा रस्ता. सगळं झाडूनपुसून ठेवल्यासारखं. माझ्या मनात काही म्हणजे काही हललं नाही, आणि त्याचीच मला लाज वाटली.

म्हणून सांगते, मैदानात रेंगाळू नका. आधी उजवीकडच्या लांबलचक इमारतीतलं संग्रहालय बघा. ही इमारत मूळची आहे. इथल्या कोठारात कैद्यांचे कपडे, घड्याळ, अंगठी, सगळं काढून घ्यायचे. न्हाणीघरही इथलंच. तिथे काही काळ कैद्यांना हात मागे बांधून टांगत असत. १९४५ सालचे फोटो नीट बघा आणि मग बाहेर या. मैदान तेच असतं, पण आता ते रिकामं दिसत नाही.

त्या दोन बराकी १९६५ साली स्मारक झालं तेव्हा नव्याने बांधल्या. मूळच्या ३४ होत्या. युद्धानंतर आधी अमेरिकन सैन्याने इथे एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या, लोकांना कैदेत ठेवलं, मग १९४८ पासून चेकोस्लोव्हाकियातून हाकललेले जर्मन निर्वासित याच बराकींमध्ये संसार मांडून बसले. १९६४ च्या सुमारास त्या पाडल्या. हे वाचून मी जरा वेळ त्या चौथऱ्यांपाशी थांबले. कुणाचं तरी बाळंतपण इथे झालं असेल.

नव्या बराकीत तीन काळांतल्या झोपायच्या जागा मांडल्यात. सुरुवातीला प्रत्येकाला वेगळी फळी. शेवटच्या खोलीत फळ्यांमधल्या आडव्या पट्ट्याच नाहीत, माणसं एकाला एक चिकटून. सहा हजारांसाठी आखलेल्या छावणीत अखेरीस तीस हजारांवर कैदी होते, त्यात टायफसची साथ. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैनिक आत शिरले तेव्हाही माणसं मरतच होती.

रस्त्याच्या टोकाला, झाडीमागे, दाहभट्ट्या आहेत. या मूळच्या. शेजारी 'स्नानगृह' असं लिहिलेली ठेंगण्या छताची खोली म्हणजे गॅस चेंबर. इथे सामूहिक हत्येसाठी तिचा वापर झाला नाही, असं तिथेच स्पष्ट लिहिलंय. गॅसने सामूहिक हत्या झाल्या ती आउशविट्झची छावणी वेगळी, डाखाऊ वेगळं. इथे माणसं भूक, रोग, काम, गोळ्या आणि डॉक्टरांच्या प्रयोगांनी मेली. गोठणाऱ्या पाण्यात बुडवून ठेवण्याचे प्रयोग इथलेच.

याच आवारात चार स्त्रियांच्या नावाची पाटी आहे. त्यातलं एक नाव नूर इनायत खान. तिचे वडील इनायत खान बडोद्याचे. इनायत खान यांच्या आईचे वडील मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा काढली होती. त्या घरातली मुलगी ब्रिटिशांची हेर म्हणून पॅरिसमध्ये वायरलेस चालवत होती. पकडली गेली, दहा महिने साखळदंडात राहिली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी इथे तिला गोळी घातली. बडोद्याचं नाव ऐकलं की मराठी माणसाला आपलं वाटतंच. मी पाटीसमोर उभी राहिले, हे थोडे लांब थांबले.

आता कामाचं. प्रवेश फुकट, नाव नोंदवावं लागत नाही. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, २४ डिसेंबरला बंद. ऑडिओगाइडचे थोडे पैसे पडतात, पण घ्याच, पाट्या वाचून दम लागतो. इंग्रजीत माहिती देणारे दौरे असतात. त्यांच्या वेळा आणि दुरुस्तीसाठी काय बंद आहे ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघा. उपाहारगृह आणि स्वच्छतागृह बाहेर प्रवेशकेंद्रात आहे. आत डबा उघडू नका. मैदानावर सावली नाही आणि वारा बोचतो, तेव्हा एप्रिलमध्येही जाड जॅकेट हवं. बारा वर्षांखालच्या मुलांना संग्रहालयात नेऊ नका. कमीत कमी चार तास ठेवा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बिअर हॉलचं टेबल राखून ठेवायचा उद्योग करू नका. आम्ही ठेवलं होतं, दोघांनाही घास गेला नाही.

हाताशी अजून अर्धा दिवस असेल तर हेबर्ट्सहाउझेनची गोळीबाराची जागा बघा. १९४१-४२ मध्ये चार हजारांहून जास्त सोव्हिएत युद्धकैदी तिथे मारले गेले. बसने गर्दी इकडे वळते, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

आणि गुडघे साथ देत असतील तर येताना किंवा जाताना बस सोडा. स्टेशन ते स्मारक साधारण तीन किलोमीटरचा 'स्मरणमार्ग' आहे, वाटेत माहितीचे फलक आहेत. एसएसच्या आवाराकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाचा तुकडाही याच वाटेवर दिसतो. मुक्ततेच्या दिवशी त्या आवारात बुखेनवाल्डच्या छळछावणीहून आलेली गाडी उभी होती आणि तिच्या डब्यांत दोन हजारांवर मृतदेह होते. आम्ही जाताना बसने गेलो, म्हणून हा तुकडा परतताना, पाय दुखत असताना, दिसला. रूळ गंजलेले होते, मधून गवत उगवलं होतं, आणि शेजारून दोन मुलं सायकलवर घरी चालली होती.